दुसऱ्या अक्षराच्या जागी शून्य

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत, ही एक मात्र होत नाही. दरोडे, खून, जंगलातल्या दारूभट्ट्या यांवर मी चारचौघांत बोलतो आणि लोकही आवडीनं ऐकतात. या प्रकरणात ना रक्त सांडलं, ना कुणी फरार झालं, ना कुणाला अटक झाली. तरीही ते मी आजवर घरातसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आता कुणी खुलासा मागणार नाही, म्हणून लिहायला बसलो. नावं कुणाचीच देणार नाही, ठाण्याचंही नाही. भंडारा जिल्ह्यातलं एक ठाणं आणि मी तिथला प्रभारी निरीक्षक, एवढं पुरे.

गावात रेल्वेची आणि विमानाची तिकिटं काढून देणारा एक दुकानदार होता. पोलिसांना खबर देण्याची त्याला भारी हौस. एका दुपारी त्याचा फोन आला.

"साहेब, बोगस पासपोर्ट गावला."

"कुठं?"

"माह्या दुकानात. बाई समोरच बसली हाय. नंबर टाकला का मशीन लाल होऊन राहिली. कितीदा टाकला, घेतच नाही. अन् पासपोर्ट आपल्यासारखा दिसतच नाही न. कव्हरवर खाली सोनेरी कायतरी छापलं हाय."

"अरे, हळू बोल. ती ऐकेल."

"ऐकूनच राहिली साहेब."

शिपाई पाठवून बाईंना आणि पासपोर्टला ठाण्यात आणलं. महिला अंमलदाराला शेजारी बसवलं, स्टेशन डायरीत नोंद घेतली. पन्नाशी ओलांडलेली बाई. घर कोसा रेशीम विणणाऱ्यांचं, चार पिढ्या मागावरच. मुलगी आखाती देशात, तिचं पहिलं बाळंतपण, आणि तिथल्या डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं; मुलगी माहेरी येऊ शकत नाही, तर माहेर तिकडं जाणार, असा बाईंचा हिशेब. व्हिसा जावयानं तिकडूनच काढून पाठवला होता. राहिलं होतं ते फक्त तिकीट.

पासपोर्ट मी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. कव्हरवर राजमुद्रेच्या खाली एक लहानसं सोनेरी चिन्ह. आतली पानं वेगळ्या छपाईची. आणि मुख्य म्हणजे नंबर. मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक पासपोर्टवर आधी एक अक्षर आणि मग आकडे असायचे. यावर सुरुवातीलाच दोन अक्षरं होती. एका जुन्या फाईलमधली पासपोर्टची झेरॉक्स काढून शेजारी ठेवली आणि फरक दिसायला लागले. फरक दिसला की पोलिसाला बरं वाटतं. तो फरक कशाचा आहे, हे विचारायचं मग राहून जातं.

"बाई, हा कुणी बनवून दिला?"

"बनवून काय देते? अर्ज केला, पोस्टमन घेऊन आला. चौकशीले तुमचाच माणूस आला होता घरी. चहा पिऊन गेला."

मी आमच्या पासपोर्ट चौकशीच्या हवालदाराकडं पाहिलं. तो म्हणाला, "गेलो होतो साहेब. पण तवा पासपोर्टचा नंबर नसते न, फाईल नंबर असते."

हुशार अधिकारी असता तर त्यानं तिथंच फाईल नंबर काढून पाहिला असता. मी म्हटलं, अर्ज खरा असेल, पण हातात पडलेला पासपोर्ट तोच कशावरून? बाई व्हिसा मिळालाय म्हणाली, तर म्हटलं, व्हिसावाल्यांनाही फसवलं असेल. संशय एकदा बसला की पोलिसाच्या डोक्यात प्रत्येक खुलाशाला उत्तर तयार असतं.

ठाण्याच्या संगणकावर अशा पडताळणीसाठी एक पान होतं. नंबर भरायचा, पाठवायचा, वरून उत्तर येतं. संगणकावर बसणारा शिपाई तरुण, कामाला चोख. त्यानं नंबर टाकायला घेतला आणि थांबला.

"साहेब, दुसरं अक्षर घेत नाही. पहिल्यानंतर आकडाच पाहिजे म्हणते."

इथं आमच्या ठाण्याची एक रीत सांगायला हवी. रीत कसली, खोड. संगणक अडला की तो पुढं सरकेल असं काहीतरी भरायचं. तक्रारदाराकडं आधार कार्ड नाही? सगळे नऊ टाका. पिनकोड माहीत नाही? ठाण्याचा टाका. मोबाईल नाही? हवालदाराचा टाका. त्या हवालदाराच्या मोबाईलवर कुणाकुणाच्या तक्रारींचे मेसेज यायचे, बिचाऱ्याला ते वाचायचाही कंटाळा आला होता. ही खोड कुणी लावली म्हणाल, तर संगणकानंच लावली. तो माणसाला रकान्याबाहेर बोलूच देत नाही. पण खोड आमची होती, हेही खरं.

मी म्हटलं, "शून्य टाक न, पुढं जाऊ दे."

त्यानं दुसऱ्या अक्षराच्या जागी शून्य टाकलं. पान पुढं गेलं. पासपोर्ट मी चौकशीकामी ठेवून घेतला, बाईंना पोच दिली आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: या क्रमांकाचा पासपोर्ट निर्गमित झालेला नाही.

आता माझ्या हातात कागद होता. बाईंचा अर्ज भरून देणारा ऑनलाइन सेंटरवाला जवळच्या शहापूरचा. त्याला उचलून आणला. घाबरला होता, पण तोंड बंद होत नव्हतं.

"साहेब, माह्या प्रिंटरमध्ये दोन दिसापासून शाई नाही. मी पासपोर्ट छापीन?"

"मग कुठून आणलास?"

"आणला नाही न. अर्ज भरला, बाईले नागपूरले पाठवलं, तिथं फोटो झाला, अंगठे झाले. मी त फक्त फॉर्म भरतो. आजकाल लोकायले वाटते, सेंटरवाला म्हणजे सरकार."

"बाईंची जन्मतारीख एक जुलै लिहिलीस. खरी आहे?"

मला वाटलं, सापडला. मग तो हळूच म्हणाला, "साहेब, त्या वयाच्या अर्ध्या लोकायची एक जुलैच हाय. मास्तरनं शाळेत लिहून देल्ली. माह्या मायचीही हाय. राग नका येऊ देऊ, तुमची कोणती हाय?"

माझीही एक जुलैच आहे. मी त्याला गप्प बसायला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. हाती काही लागलं नाही. चौकशीत माणूस खोटं बोलत असला की त्याची गोष्ट दर वेळी थोडी सुधारत जाते. याची गोष्ट प्रत्येक वेळी तेवढीच कंटाळवाणी राहिली. ही खूण मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी माझ्याच ध्यानात आली नाही.

बाई दिवसभर बाकावर बसून होती, शिपाई दिसला की विचारायची, "झालं का?" रडली नाही, भांडली नाही. एकदाच मला म्हणाली, "साहेब, तिचे दिवस भरत आले. तुमाले माह्यावर केस करायची तर करा. आल्यावर करा. मी कुठं पळून जाते? माग इथंच हाय माहा."

छडा लागला तो माझ्या हुशारीनं नाही. त्यानंतरच्या सकाळी मी दाढी करत होतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या साडूनं फोटो टाकला होता: नवीन पासपोर्ट आला, आता तुम्ही म्हणाल तिकडं जाऊ. कव्हरवर तेच सोनेरी चिन्ह. आतला नंबर मोठा करून पाहिला. सुरुवातीला दोन अक्षरं.

ठाण्यात जाऊन मी स्वतः संगणकावर बसलो. साडूचा नंबर टाकला. दुसरं अक्षर घेईना. शून्य टाकलं, पाठवलं आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. या क्रमांकाचा पासपोर्ट निर्गमित झालेला नाही. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माझा साडू जिल्ह्याच्या हद्दीतला दुसरा बोगस पासपोर्टधारक ठरला होता.

सरकारनं पासपोर्ट नवा केला, नंबरांची मांडणी बदलली. ज्या ज्या संगणकांत तो नंबर भरायचा, त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. तिकिटवाल्याचा संगणक जुना, आमचं पान जुनं. आणि संगणकाला आपण जुने आहोत हे कळत नाही. तो समोरच्यालाच खोटं ठरवतो.

मी संगणकाच्या मदत केंद्राला फोन लावला.

"सर, नंबर बरोबर टाका."

"बरोबरच टाकतोय. तुमचं पान दुसरं अक्षर घेत नाही."

"मग तक्रार नोंदवा सर."

"कुठं?"

"त्याच पानावर, खाली."

खाली तक्रारीचा रकाना होता. पहिलाच प्रश्न: पासपोर्ट क्रमांक. तिथंही दुसरं अक्षर घेतलं नाही. मी पुन्हा फोन लावला. दुसरा कुणीतरी बोलला. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "सर, तक्रार क्रमांक सांगा."

मी त्याच्याशी वाद घालत असतानाच बाहेर बाकावर बसलेल्या बाईंचा मोबाईल वाजला. मी केबिनच्या दारातून पाहिलं. पडद्यावर दवाखान्यातली खाट दिसत होती. रात्रीच कळा सुरू झाल्या होत्या, सकाळी मुलगी झाली होती.

ठाण्यातले सगळे बाकाभोवती गोळा झाले. लॉकअपमधला एक दारुडासुद्धा गजांशी येऊन उभा राहिला.

बाई म्हणाली, "रडू नको. रडलं का डोकं दुखते. डोक्याले रुमाल बांध. थंड पाणी नको पिऊ. कोण हाय जवळ?"

तिकडून मुलगी म्हणाली, "शेजारची."

"तिले दे फोन."

ती शेजारीण केरळकडची, मराठीचा गंध नसलेली. बाई हिंदीत सांगायला लागली, "बहन, उसको गरम पानी देना. पेट को कपडा बांधना, घट्ट. घट्ट म्हणजे, टाईट. बच्चे को तेल मलना, धीरे से." मागावर आयुष्य काढलेले हात हवेत तेल चोळून दाखवत होते. मोबाईल महिला अंमलदारानं धरला होता.

मी फोन ठेवला, पासपोर्ट घेतला आणि जीपनं भंडाऱ्याला गेलो. तिथल्या पोलीस मुख्यालयातल्या पासपोर्ट शाखेत फाईल नंबर काढून थेट वर विचारलं, तर चहा येण्याआधी उत्तर मिळालं. पासपोर्ट अस्सल. तिथला अधिकारी हसत म्हणाला, "नवीन छपाई आहे हो. तुमचं पान अजून बदललं नाही वाटतं." एवढं काम मला पहिल्याच दुपारी करता आलं असतं.

परत येऊन पासपोर्ट बाईंच्या हातात दिला. तिनं तो पदरात बांधला आणि म्हणाली, "जाते आता. आंघोळ घालायले तरी पोचीन." पुढं कुण्या नागपूरच्या माणसाकडून तिकीट निघालं. ती गेली तेव्हा बाळाचं बारसं होऊन गेलं होतं.

वरिष्ठांनी अहवाल मागितला. मी लिहिलं: संगणक प्रणालीतील त्रुटी व डेटा नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याची चूक यामुळे विलंब झाला. त्या तरुण शिपायाकडून खुलासा मागवला गेला. त्यानं माझं नाव लिहिलं नाही. त्याच्या सेवापुस्तकात शेरा आला, तो माझ्या सहीनं आला. त्यानंतर तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलायचा, आणि तेच मला सहन व्हायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्याला भेटून मी माफी मागितली आणि शेरा काढावा म्हणून वर लेखी दिलं. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब. तुमी तर सांगितलं तरी. इथं कोण सांगते?"

मग उरल्या बाई. बरेच दिवस पाय उचलत नव्हता. शेवटी गेलो. ती परत आलेली होती, मागावर बसलेली. नातीचे फोटो दाखवले. मी ओसरीवर बसून सरळ सांगितलं की तुमचा नंबर चुकीचा पाठवला गेला तो माझ्यामुळे. शून्य टाक असं मीच म्हणालो होतो. पोराचा दोष नव्हता.

तिनं मागाचा धोटा थांबवला नाही. म्हणाली, "मले माहीत हाय."

"कसं?"

"मी तिथंच बसली होती न. तुमी त्या पोराले म्हणाले, शून्य टाक. मी म्हटलं, साहेब, जे लिहून हाय तेच टाका न. तुमी म्हणाले, बाई, तुमी बसा, हे आमचं काम हाय."

मी आठवून पाहिलं. त्या दुपारचा तिकिटवाल्याचा फोन आठवतो, शिपायाचं थांबलेलं बोट आठवतं, माझं स्वतःचं वाक्य शब्दन् शब्द आठवतं. हे मात्र आठवत नाही. तसं तिला सांगितलं.

"नसन आठवत," ती म्हणाली. "तुमी माह्याकडं पाहिलंच नव्हतं."

इतकी वर्षं मी लोकांना समोर बसवून काय केलंत ते आठवून सांगा म्हणत आलो. न आठवणारा माणूस लपवतोय, असंच मी धरत असे. माझी कबुली पूर्ण आहे अशा समजुतीनं मी तिच्या ओसरीवर चढलो होतो. उतरताना कळलं, कबुलीचा अर्धा भाग त्या बाईंच्याच जवळ होता आणि तो मागायला मी एवढ्या उशिरा गेलो.