आवाज न करणाऱ्या तीन कोंबड्या

वैद्यांनी सासूबाईंना रोज एक ताजं अंडं खायला सांगितलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात जागच्या जागी उडीच मारली. कारण मामंजी लगेच म्हणाले होते, "बाजारातली अंडी कधीची असतात कोण जाणे. परसदारी दोन-तीन कोंबड्याच पाळू या."

लग्न होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. माझं माहेर कोकणात, रत्नागिरीच्या खाली. तिथे कोंबड्या माणसांसारख्याच आत-बाहेर करायच्या. सासर परळला, एका गिरणीच्या मागच्या आळीत. कौलारू बैठं घर, मागे परस, परसात एक माड आणि एक शेवगा. जागा चांगली ऐसपैस होती, पण त्या परसात कावळ्याशिवाय काही हलत नसे. घरातही तसंच. सासूबाईंना अर्धशिशीचा त्रास होता. डोकं उठलं की त्या दोन-दोन दिवस आतल्या खोलीत अंधार करून पडून राहात. मी भांडी घासताना हातातल्या बांगड्यांना फडकं गुंडाळत असे.

त्यामुळे कोंबड्यांचं नाव काढल्याबरोबर आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोंबड्या नकोत गो बाई! अंडं घातलं की गाव गोळा करतात."

मामंजी दारापाशी जाऊन म्हणाले, "अगं, गिरणीचा भोंगा चालतो तुला, आणि कोंबडी नाही?"

"भोंग्याला मी काय करणार? कोंबडीला नको म्हणू शकते."

आत बाजलं करकरलं. मग सासूबाई म्हणाल्या, "आवाज न करणाऱ्या मिळाल्या तर आणा. एकदा जरी माझी झोप मोडली, तर त्याच दिवशी परत."

मामंजींनी आमच्याकडे पाहिलं. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि वन्संकडे. वन्सं माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. नवरा तापाने गेल्यावर त्या माहेरी परत आल्या होत्या, आणि तेव्हापासून विहिरीपलीकडे गेल्या नव्हत्या. बोलत फार कमी. पण त्या दिवशी त्यांनीच विचारलं, "आवाज न करणारी कोंबडी असते का हो, बाबा?"

"असेल तर तुम्हीच शोधा," मामंजी म्हणाले.

आमच्या आळीत रोज सकाळी शीव कोळीवाड्याहून एक कोळीण मासळी घेऊन येई. उंच, काळी, आवाज असा की मामंजी तिला लांबूनच हळू बोलायची खूण करत. तिच्या घरी वीस-पंचवीस कोंबड्या होत्या. वन्संनी तिला आमची अडचण सांगितली, तेव्हा ती पाटी खाली ठेवून हसतच सुटली.

"कोंबडी पायजे का देवाची मूर्ती? बरं, या उद्या. दिवसभर बसा नि ऐका. जी आवडंल ती न्या."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वन्संनाही नसावी, कारण सकाळी मी उठले तेव्हा त्या लुगडं नेसून, कोंबड्या आणायला डालगं घेऊन ओट्यावर बसलेल्या होत्या. तेवढ्या वर्षात त्यांना घराबाहेर जायला तयार झालेलं मी पहिल्यांदाच पाहात होते.

मासळी विकून झाल्यावर कोळिणीबरोबर आम्ही शीवकडे जाणाऱ्या एका बैलगाडीत बसलो. माडांच्या वाड्या आणि भाताची खाचरं मागे पडत होती. मी तर एकसारखी बडबडत होते: किती आणायच्या, कुठे ठेवायच्या, खुराडं शेवग्याखाली बांधायचं की माडाखाली. वन्सं गाडीची कड धरून उभ्या राहून पुढे बघत होत्या.

कोळिणीच्या अंगणात जाळी वाळत घातली होती आणि कोंबड्या त्यांच्याखालून ये-जा करत होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि कोपऱ्यात बसलेली एक तपकिरी कोंबडी लगेच उचलली. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली होती. उचलली तरी हूं की चूं नाही.

"ही! वन्सं, बघा, किती शांत!"

कोळिणीने ती माझ्या हातातून काढून घेतली. "ही दुखणाईत हाय, पोरी. गप्प बसलेली वेगळी नि शांत वेगळी. डोळं बघ. शांत कोंबडीचं डोळं टकटकीत असतात. पाय गरम असतात. खाते, उकरते, फिरते, फक्त उगाच बोंबलत नाय."

माझा चेहरा पडला. वन्संनी मात्र ते शब्द न् शब्द ऐकले. त्या जाळ्यांच्या सावलीत बसल्या आणि नुसत्या बघू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी कोळिणीकडून एक पितळी झाकणी मागून घेतली आणि कोंबड्यांच्या जवळ मुद्दाम दगडावर पाडली. अंगणात एकच गोंधळ उडाला. काही कोंबड्या कुंपणापर्यंत ओरडत पळाल्या. काहींनी दोन पावलं मागे सरून मान वाकडी केली, आणि पुन्हा उकरायला लागल्या.

"या पाच बघायच्या," वन्सं म्हणाल्या.

त्या पाचांना आम्ही एकेक करून उचललं. त्यातल्या दोन हातात आल्या की पंख फडफडवत राहिल्या, त्यांना सोडलं. राहिल्या तीन: एक राखाडी, एक काळी आणि एक पांढरीशुभ्र. पांढरी इतकी देखणी होती की मी तिला मांडीवर घेऊन बसले. तीही बसली. माझा निर्णय झाला होता.

"खरी परीक्षा अंडं घालताना," कोळीण म्हणाली. मग आम्ही वाट बघत बसलो. ऊन चढलं, कोळिणीने आम्हाला भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. तेवढ्यात माझी पांढरी टोपलीत जाऊन बसली. तिने अंडं घातलं, उठली, टोपलीच्या काठावर चढली, आणि असा काही गळा काढला की शेजारची म्हातारी काय झालं म्हणून बघायला आली.

"ही नेली तर आई तुलाच माहेरी पाठवेल," वन्सं म्हणाल्या आणि हसल्या. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. पांढरी गेल्याचं दुःख मी तिथल्या तिथे विसरले.

मग राखाडी बसली. अर्धा तास गेला. ती उठली, अंगावरचा कोंडा झटकला, खाली उतरली आणि दाणे टिपायला निघून गेली. टोपलीत कोमट अंडं!

"हीच!" आम्ही दोघी एकदम ओरडलो, इतक्या जोरात की सगळ्या कोंबड्या पळाल्या. कोळीण डोक्याला हात लावून म्हणाली, "कोंबड्या शांत मिळतील गं, तुमचं काय करायचं?"

काळीही तशीच निघाली. तिसरी एक तांबडी तलंग कोळिणीने स्वतःहून दिली. अजून अंडी घालायला लागली नव्हती, पण तिची आई शांत होती म्हणे. संध्याकाळी डालगं मांडीवर घेऊन आम्ही घरी आलो. वाटेत आतून थोडी कुरकुर आली तरी मी डालग्यावर पदर टाकायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परसात काही आवाज नाही. सासूबाईंनीच आतून विचारलं, "कोंबड्या आणल्यात ना? की नुसतं डालगं?" वन्संनी राखाडीचं अंडं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, गालाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ऊन आहे अजून." एवढंच. मला मात्र घर उचलून नाचावंसं वाटलं.

महिना असा गेला. सासूबाईंच्या अंगात थोडी ताकद आली. मग एके दिवशी काळी दिसेना. आम्ही परस धुंडाळलं, विहीर बघितली, आळीतल्या प्रत्येक घरी विचारलं. मुंगसाने नेली असेल असं मामंजी म्हणाले, पण पीससुद्धा कुठे सापडलं नाही. ओरडणारी असती तर कुठे अडकली ते कळलं असतं. आमची ती कशी ओरडेल? दोन दिवस वन्संना घास गेला नाही. सासूबाई मात्र दोन्ही दिवस जेवताना आणखी भात मागत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी त्यांची खोली झाडायला गेले. त्या म्हणाल्या, "बाजल्याखाली झाडू नकोस."

"का हो?"

"नको म्हटलं ना."

मी वाकून पाहिलंच. बाजल्याखाली जुनी लुगडी घातलेली पाटी, पाटीत काळी, आणि काळीसमोर करवंटीत भात!

"सासूबाई! आम्ही जीव टाकत होतो!"

"खुडूक झाली आहे ती, अंडी उबवायची वेळ आली आहे तिची," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "काळोख हवा, शांतता हवी, कुणी हात लावू नये. मला कळतं तिचं. सांगितलं असतं तर तुम्ही तिला उचलून बाहेर नेलं असतं."

वन्सं दारात येऊन उभ्या होत्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही.

"उभी काय राहिलीस?" सासूबाई त्यांना म्हणाल्या. "रिकाम्या पाटीत बसली आहे बिचारी. कोळिणीकडे कोंबडा आहे ना? अंडी मागव."

दुसऱ्या दिवशी कोळिणीने भाताच्या तुसात घालून नऊ अंडी आणली. सासूबाईंनी ती आपल्या हाताने काळीच्या पोटाखाली सरकवली आणि भिंतीवर हळदीचं पहिलं बोट ओढलं. रोज एक बोट. डोकं दुखत असलं तरी बोट चुकलं नाही. विसाव्या दिवशी त्या अंड्याला कान लावून बसल्या आणि आम्हालाही लावायला लावलं. आतून बारीक टिकटिक येत होती.

एकविसाव्या दिवशी पहाटे आतल्या खोलीतून अशी हाक आली की सगळं घर हादरलं. "या गो, या लवकर! चोच आली बाहेर!" मामंजी दातवण तोंडात तसंच धरून धावले. माझे यजमान कामावर निघता निघता डोक्याचं पागोटं हातात घेऊन उभे राहिले. दुपारपर्यंत सात पिल्लं झाली, ओली, पिवळी, आणि एकसारखी चिवचिवणारी.

मी भीतभीत विचारलं, "पाटी परसात नेऊ का? डोकं दुखत असेल."

"दुखतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एक पिल्लू लुगड्याच्या घडीत घेतलं होतं. "राहू दे इथेच."

त्यांची अर्धशिशी काही गेली नाही. पण बऱ्या दिवसांत त्या परसात पाट टाकून बसू लागल्या. आणि वन्संचं आळीत नाव झालं. कोंबडी घ्यायची असली की बायका त्यांना विचारायला येत. ज्यांच्या घरी तान्हं मूल होतं त्या येत, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांच्या घरच्या येत. एकदा तर गिरगावातून एक बाई गाडी करून आल्या. त्यांच्या वाडीत घरं एकमेकांना चिकटलेली, शेजारी म्हातारे, आणि मुलाला अंडी हवी होती. "तुम्ही शांत कोंबडी निवडून देता म्हणे," त्या म्हणाल्या.

वन्संनी त्यांना खाली बसवलं, घर कसं आहे, सावली किती, शेजारी कधी झोपतात, सगळं विचारून घेतलं. मग पदर खोचला, डालगं उचललं आणि मला म्हणाल्या, "चल गो, आज संध्याकाळपर्यंत बसावं लागेल."

मी हातातला तांदूळ सुपात तसाच टाकला आणि त्यांच्यामागे धावले.