टास्मानियात नसलेला चाबूकपक्षी

लाव्हिनिया डनबॅबिन ही माझी वहिनी. सगळे तिला विनी म्हणायचे. एकोणीसशे अठ्ठावन्न साली माझा भाऊ क्लॅरी आमच्या टास्मानिया बेटावरून समुद्रापलीकडे, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या व्हिक्टोरियात लाकूडगिरणीच्या कामाला गेला आणि सहा महिन्यांनी बायको घेऊनच परत आला. सडपातळ, लालसर केसांची, बोलताना माणसाकडे न बघता खिडकीबाहेर बघणारी. आईने पहिल्याच दिवशी माझ्या कानात सांगितलं, "ही काही इथे टिकत नाही बघ."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. विनी आणि मी सफरचंदांच्या शेडमध्ये शेजारीशेजारी उभ्या राहून काम करायचो; एकेक फळ कागदात गुंडाळायचं आणि पेटीत बसवायचं. हात चालू असले की तिची जीभही सैल व्हायची. मग ती माहेरच्या डोंगराचं सांगायची. त्यातही चाबूकपक्ष्याचं फार. आधी लांबलचक शीळ, दोरी ताणत न्यावी तशी, आणि मग सपकन चाबकाचा फटका. नराचा फटका वाजतो न वाजतो तोच मादीचं "च्यू-च्यू". दोन पक्षी, पण ऐकणाऱ्याला वाटावं की एकच. तिची आई म्हणे त्या फटक्यावर चूल पेटवायची.

"आमच्याकडे नाही तो," पलीकडून थर्झा काउमेडो म्हणायची. शेडमधली सगळ्यांत जुनी बाई ती, तोंडाची फटकळ. "आमच्याकडे नवऱ्याने लाथ मारली की चूल पेटते."

एकसष्टच्या मे महिन्यात विनीची आई गेल्याची तार आली. समुद्र खवळलेला होता, बोट सुटली नाही. दोन दिवस विनी बॅग भरून ओट्यावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिकडे दफनविधी उरकला. ती रडली नाही. बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले आणि कामावर आली.

जूनमध्ये एका सकाळी ती सरपण आणायला मागे गेली ती रिकाम्या हातांनीच परतली.

"क्लॅरी, मागच्या घळीत चाबूकपक्षी आहे."

"नसेल गं."

"मी ऐकला. दोनदा."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बातमी पसरली होती. थर्झा म्हणाली, "विनी, कोआला दिसला तर कळव हं, नातवंडांना घेऊन येते." आमच्या बेटावर कोआलाही नाहीत. सगळ्या हसल्या. मीही हसले, हे कबूल करते.

विनीने होबार्ट शहराच्या पक्षीमंडळातल्या ओकली नावाच्या गृहस्थांना पत्र टाकलं. उत्तर अगदी सभ्य होतं. 'आपण ऐकलेला आवाज दुसऱ्या पक्ष्याचा असावा. चाबूकपक्षी टास्मानियात नाही, कधी नव्हता.' पत्र वाचून तिने घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवलं. त्यानंतर ती स्वतःच्याच कानांना घाबरायला लागली. जेवताना मध्येच थांबायची, मान कलती करायची, मग आमच्याकडे बघून खाली मान घालायची.

क्लॅरी डॉक्टरांना भेटून गोळ्या घेऊन आला. "दुःखात असं होतं म्हणतात, विनी. माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात."

"मला आई ऐकू येत नाही, क्लॅरी," ती म्हणाली. "पक्षी ऐकू येतो."

गोळ्या तशाच पडून राहिल्या. ती रोज उजाडताना घळीत जायला लागली. आईने मला तिच्यामागे पाठवलं. "जरा लक्ष ठेव, कुठे पाय घसरून पडेल." मला वाटेवर बघून विनी चिडली नाही. "ये. पण बोलू नकोस, नुसतं ऐक."

नेच्याची झाडं डोक्यावरून उंच, खाली सगळं ओलं, जळवा. चार सकाळी काही नाही. पाचव्या सकाळी ओढ्यापलीकडे मातीच्या छोट्याशा उंचवट्यावर कोंबडीएवढा एक तपकिरी पक्षी चढला. त्याने शेपटी उचलली आणि सबंध डोक्यावरून पुढे टाकली, चंदेरी जाळीचा बुरखा घ्यावा तशी. आणि गायला लागला. आधी काळ्या काकाकुव्याची करकर, इतकी हुबेहूब की मी वर बघितलं. मग आमच्या बेटावरच्या आणखी दोन पक्ष्यांचे आवाज. मग एक लांब शीळ, ताणत ताणत गेलेली, आणि सपकन फटका. लगेच त्याच चोचीतून "च्यू-च्यू".

विनी मटकन खाली चिखलात बसली.

"लायरबर्ड! आमच्या डोंगरातला, सगळ्या पक्ष्यांच्या नकला करणारा!" ती कुजबुजली. "नराचंही हाच म्हणतोय, मादीचंही हाच! पण हा इथे कसा?" तोंडावर हात दाबून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईच्या मरणाचं ते रडणं होतं, एक महिना उशिरा आलेलं. मी तिला धरून बसले. पक्ष्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हा इथे कसा, ते होरेस बेस्विकने सांगितलं. तो म्हातारा पूर्वी वनखात्यात गार्ड होता. विनी चिखलाच्या कपड्यांनिशीच त्याच्या दारात उभी राहिली.

"व्हिक्टोरियातून आणलेत ते," होरेस म्हणाला. "तिकडे कोल्हे त्यांचा फडशा पाडतील अशी भीती होती. इथे कोल्हे नाहीत. बोटीने खोकी आली, ट्रकमधून मीच उतरवली. एका हरामखोराने माझा अंगठा फोडला."

"किती वर्षं झाली?"

"पंधरा तरी झाली असतील."

"आणि तिकडचं गाणं अजून म्हणतात?"

"म्हणतात म्हणजे काय, पोरांना शिकवतात. जो पक्षी त्या पोरांनी जन्मात पाहिला नाही, त्याचा आवाज काढतात. मला काय ठाऊक कोणाचा ते! मला वाटायचं, यांचाच असेल."

रविवारी क्लॅरी तिच्याबरोबर गेला. आयुष्यभर झाडं पाडलेला माणूस, पण पक्षी गायला लागल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली म्हणे. परत येताना म्हणाला, "मी तुला वेडी समजलो." नंतर बरंच अंतर चालून गेल्यावर, "तिकडच्या गिरणीला पत्र टाकू का? परत जाऊ."

विनीने उत्तर द्यायला आठ दिवस घेतले. मग स्वयंपाक करता करता म्हणाली, "आता तिकडे माझं आहे कोण? उन्हाळ्यात एक फेरी करू, आईच्या थडग्यापर्यंत. बाकी इथेच." क्लॅरीने मान डोलावली आणि बटाटे सोलायला बसला. याआधी त्याने सुरी कधी हातात धरली नव्हती.

थर्झाने माफी मागितली नाही, तिचा तो स्वभावच नव्हता. ती शिंपल्यांचं मांस भरून भाजलेला 'पाय' घेऊन आली, तो टेबलावर आदळला आणि म्हणाली, "खा. वाळून काठी झालीस."

ऑगस्टमध्ये ओकलीसाहेब स्वतः आले. सत्तरीचे, गुडघा दुखरा. विनीने त्यांचा हात धरून त्यांना ओढा ओलांडून नेलं. पक्षी गाऊन गेल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही ऐकलंत आणि मी तुम्हाला नाही म्हणालो. मला माफ करा." जाताना त्यांनी आपली कोरी वही तिला दिली. "तारीख, वेळ, हवा, किती नर. एवढं लिहीत जा."

ती लिहीत गेली. दर हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जून ते ऑगस्ट, आवाजावरून नर मोजत. क्लॅरी गेला तरी लिहीत होती. एकतीस वह्या झाल्या. इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत त्यांचं वेगळं कपाट आहे. शेवटच्या हिवाळ्यात तिचा हात कापायचा, म्हणून ती सांगायची आणि मी लिहायचे. शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे: "सकाळी सात दहा. बारीक पाऊस. तीन नर." मला दोनच ऐकू आले होते. मी तीन लिहिले.