भानुमतीने नाकारलेला काढा

भानुमती कुलथेचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये हे भाजीवाल्यालाही ठाऊक होतं. ऑफिसात फाइलवर चुकीचं टिपण आलं की ती एक घाव दोन तुकडे करायची आणि वर चहा मागवायची.

अशा बाईला राग असावाच लागतो. सहा वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा नोएडात राहणाऱ्या थोरल्या बहिणीने, अलकाताईने, सासरच्यांचा विरोध धुडकावून आपली एक किडनी तिला दिली. तेव्हापासून सकाळी आठ आणि रात्री आठ, गोळ्यांची वेळ चुकली नाही. या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर शरीर परक्या किडनीला हुसकून लावतं. हे ती कानीकपाळी ओरडून सांगे, तरी लोक म्हणत, "मॅडम, इम्युनिटी बढ़ाइए!" अशा वेळी तिला समोरच्याच्या डोक्यात फाइल घालावीशी वाटे.

मग २०२१ चा एप्रिल आला आणि भानुमती पॉझिटिव्ह निघाली. दिल्लीत बेड मिळत नव्हता. डॉक्टरांनी फोनवर तीनपैकी एक गोळी तूर्त थांबवली, बाकीच्या दोन चालू ठेवायला सांगितल्या. गोळ्यांचा जोर जास्त राहिला तर कोरोना जिंकणार, फार कमी केला तर किडनी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. भानुमतीने मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. नवरा, अशोक, चहा-जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवू लागला.

दुसऱ्याच दिवशी अलकाताईने गुळवेलीचा काढा पाठवला, स्टीलची बाटली भरून.

"सिंकमध्ये ओता," भानुमती दाराआडून म्हणाली. "गुळवेल शरीराला जागं करते. माझं शरीर जागं झालं तर पहिली ताईची किडनी खाईल."

"अच्छा, ओततो," अशोक म्हणाला.

चौथ्या दिवशी चहाचा कप रिकामा करताना तिला तळाशी हिरवा गाळ दिसला. तोंडाची चव कोरोनाने केव्हाच नेली होती, त्यामुळे कडू-गोड काही कळत नव्हतं. तिने गाळ बोटावर घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि दार धाडकन अर्धं उघडलं.

"किती दिवस?"

अशोकने मास्क नाकावर ओढला. "दोन. रोज दोन-दोन चमचे. ताई फोनवर रडत होत्या गं. आणि मला वाटलं... लोक पटापट जातायत, भानू. मी घाबरलो."

आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायला श्वासही पुरत नव्हता. तिने ताईला फोन लावला.

"ताई, तू किडनी दिलीस, तुझे उपकार मी सात जन्मांतही फेडू शकणार नाही. पण ती आता माझी आहे. तिचं काय करायचं ते मी ठरवणार. बिल्कुल मधे पडायचं नाही."

पलीकडून हुंदका आला. भानुमतीने फोन ठेवला आणि स्वतःही रडली. मग डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं.

सहाव्या दिवशी ऑक्सिजन ब्याण्णववर उतरला आणि त्याच दुपारी एका हॉस्पिटलात कशीबशी खाट मिळाली. तिथला तरुण डॉक्टर तिच्या उशाशी उभा राहून अशोकला म्हणाला, "ट्रांसप्लांट का केस है. ज़्यादा उम्मीद मत रखिए."

भानुमतीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "उम्मीद मैं रखूँगी. आप मेरी आठ बजे की गोली का ध्यान रखिए."

आठ वाजता कुणीच आलं नाही. बिचाऱ्या नर्सला चाळीस पेशंट होते. भानुमतीने उशीखालची डबी काढली, दोन गोळ्या गिळल्या आणि नर्स आल्यावर तिला वेळ सांगितली, लिहून घ्यायला लावली. पुढच्या खाटेवरची बाई तिसऱ्या दिवशी गेली. तिच्यासारखीच किडनी बसवलेला एक पेशंट दारापाशी होता, तोही गेला. भानुमतीने भिंतीकडे तोंड केलं आणि डबी मुठीत धरून ठेवली. मी जाणार नाही, ती मनात म्हणत राहिली, ज्याला यायचंय त्याने येऊन बघावं.

हॉस्पिटलातल्या अकराव्या दिवशी तिला घरी सोडलं. क्रिएटिनिन, किडनीची तब्येत सांगणारा आकडा, आधी एक पूर्णांक एक होता. आता एक पूर्णांक सहा. थोडी किडनी गेली होती, उरलेली चालत होती. कोरोनाने गेली की काढ्याने, असं तिने विचारलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, दोन्ही शक्य आहे.

अलकाताई गेटपाशी उभी होती, लांब, दोन मास्क लावून. अकरा दिवसांत दहा वर्षांनी थकल्यासारखी दिसत होती.

"भानू, खरं सांग. माझ्या काढ्याने झालं का गं?"

भानुमती आयुष्यात रिपोर्टच्या बाबतीत कुणाशी खोटं बोलली नव्हती.

"कोरोनाने झालं," ती खेकसली. "चार चमच्यांनी काय होतंय? आणि हा प्रश्न पुन्हा विचारलास, तर तोंड बघणार नाही तुझं."