ट्रकचा नट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. आणि आत्ता तुम्हाला सांगताना आधी उठून दार लागलंय का ते बघून आलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं.

बुलढाण्याकडच्या उंद्रीत माझं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचं दुकान आहे. वीस वर्षं हातात पाना. मी आवळलेला नट सुटत नाही, असं चार गावांत बोललं जातं — आणि मला त्याचा माज आहे, तो कशाला लपवू? दुसरी खोड संशयाची. कुणी फुकट चहा पाजला तरी मी पहिल्या घोटालाच विचार करतो, याला माझ्याकडून काय पाहिजे असेल?

धाकटी बहीण प्राची. ती चिखलीच्या कॉलेजात शिकत असताना तिला निखिलचं स्थळ आलं. मुलगा लोणारचा, नोकरी पुण्यात. बोलणी जवळजवळ झालेलीच होती. दिवाळीत तो भेटायला आला, तो चाकं लावलेली एक लांबलचक फळी घेऊन. लाँगबोर्ड. त्यावर उभं राहायचं आणि रस्त्यावरून घरंगळत जायचं. प्राची कधीपासून मोबाईलवर तेच बघत बसायची, हे त्याला ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं.

"साडी नाही, चोळी नाही, फळी काऊन आणली बाप्पा?" आई म्हणाली, आणि घर हसलं. मी हसलो नाही. मला वाटलं — कुणाची तरी वापरलेली आणून आमच्या गळ्यात मारली असणार.

त्या फळीखाली चाकांचा जो दांडा असतो, त्याला ते लोक ट्रक म्हणतात. निघताना निखिलने मला बाजूला घेतलं. "दादा, ट्रकचा नट थोडा ढिलाच राहू द्या. जास्त आवळू नका." आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे ट्रक म्हणजे दहा चाकांचा. आणि नट ढिला ठेवा म्हणणारा माणूस मला तोवर कधी भेटला नव्हता. नट ढिला राहावा असं कुणाला वाटेल? का वाटेल? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवशी मी फळी दुकानात आणून उलटी केली. दांडा रबराच्या दोन चकत्यांवर लचकत होता. आज कळतं, तो लचकण्यासाठीच असतो. तसाच तो बोर्ड वळतो. तेव्हा मी पाना लावला, पान्याची दांडी लांबवायला पाइप चढवला — ट्रॉलीला लावतो तसा — आणि जोर दिला. रबर बाहेर फुगलं. मी आणखी जोर दिला.

टक्.

एवढासा आवाज. पण आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो आवाज कशाचा. आतल्या बोल्टला चीर गेली होती. दिसत नव्हती, पण मला माहीत होती. मी नट अर्धा आटा मागं घेतला, फडक्यानं पुसला आणि प्राचीला सांगितलं, "घे, पक्कं झालं."

बोल्ट बदलता आला असता. खामगावला मिळाला नसता तर निखिलला फोन करून मागता आला असता. पण मग म्हणावं लागलं असतं की तुम्ही सांगितलं तेच बरोबर होतं. ते माझ्या तोंडून निघेना. एवढंच होतं का? की तो तुटावा, आणि तुटला की निखिल खोटा ठरावा, असं आत कुठेतरी मला हवं होतं? मी माझ्यावरही संशय घेऊन पाहिला आहे. उत्तर चांगलं येत नाही.

तीन आठवडे ती संध्याकाळी गावाबाहेरच्या नव्या डांबरी रस्त्यावर जायची. मी दुकानातून बघायचो. बघत राहायचो. तुम्ही म्हणाल, मग थांबवलं का नाही? नाही थांबवलं. चौथ्या आठवड्यात उतारावर ट्रक निखळला आणि ती कोपरावर आपटली.

तिला जीपमध्ये बसवलं. बोर्ड घेऊन मागून येतो म्हणालो. बोर्डासाठी नाही हो — बोल्टसाठी थांबलो. बहीण कळवळत खामगावच्या दवाखान्यात चाललेली, आणि मी रस्त्यावर वाकून लोखंडाचा तुकडा शोधत होतो. सापडला. तुटलेलं तोंड अर्धं गंजून काळं, अर्धं चकचकीत. काळं माझं होतं. चकचकीत त्या दिवसाचं.

घरी सगळे विचारू लागले, तेव्हा मी म्हणालो, "डुप्लिकेट माल होता. अन् ज्याचा माल डुप्लिकेट, त्याची नियतबी डुप्लिकेट." वाक्य जमलं होतं. ते पाहुण्यारावळ्यांत फिरलं, लोणारपर्यंत पोचलं.

निखिल एसटीनं आला, थेट माझ्या दुकानात. भांडला नाही. एकच म्हणाला, "दादा, तुटलेला बोल्ट एकदा दाखवता का?"

"भंगारात गेला," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग भिंतीला टेकवलेल्या पाइपाकडे. त्याला कळलं होतं का? मला अजून वाटतं, कळलं होतं. पण तो तसाच परत गेला आणि स्थळ मोडलं.

त्या आठवड्यात प्राचीनं प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन मला विचारलं, "दादा, थे खरंच डुप्लिकेट होतं का?" ती माझ्या एका शब्दासाठी थांबली होती. मी खरं सांगितलं असतं तर तिनं त्याला त्याच दिवशी फोन केला असता.

मी म्हणालो, "हाव."

त्या एका होकारावर तिनं मान डोलावली. निखिलचा नंबर तिनं माझ्यासमोर पुसला.

प्राची आता शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. उजवा हात सरळ होत नाही, फळ्यावर वरच्या ओळी ती डाव्या हातानं लिहिते. बोल्ट माझ्या दुकानात ग्रीसच्या डब्यात तळाशी आहे. ग्रीसमध्ये गंज चढत नाही, म्हणून चकचकीत भाग अजून तसाच आहे.

मागच्या आठवड्यात ती कुकर घेऊन आली, दांडी हलत होती म्हणून. मी आवळून दिली. तिनं हलवून पाहिली आणि हसली. "तुह्या हातचं कधी सुटत नाही ना, दादा?"

मी म्हणालो, "हाव."