खिडकी डाव्या हाताला

फिरत्या मेळ्यातला तो पाळणेवाला. दर पंधरवड्याला नवं गाव, नवी भाड्याची खोली. सकाळी जाग आली की आपण कुठे आहोत तेच उमजायचं नाही; जीव पाळण्यात बसल्यासारखा खालीवर व्हायचा. म्हणून खोलीत शिरताच तो खाट ओढायचा, खिडकी डाव्या हाताला येईल अशी. गावं बदलत, उजेड मात्र तिकडूनच येई, आणि मागे राहिलेलं मन हळूहळू मुक्कामाला पोचे.

हे त्यानं फोनवर एकदाच ताईला सांगितलं होतं.

यंदा तो ताईकडे आला. सकाळी डाव्या गालावर ऊन उतरलं आणि तो पडल्यापडल्या हसला. मग पाहिलं, तर खाट कपाटाच्या दाराला आडवी.

"ताई, कपाट उघडायचं कसं?"

"चार दिवस नाही उघडलं तर रुसत नाही ते. झोप तू," आंघोळ होऊनही कालच्याच कपड्यांत असलेली ताई म्हणाली.