नोमालिझोने न लिहिलेला शब्द

क्वामातोले गावच्या रादेबे घराण्यातल्या म्हातारबुवांचं नाव म्लाम्बो. म्लाम्बो म्हणजे नदी. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं; पण खोसा जमातीतल्या सुनेला त्या नावातला शब्दही वर्ज्य. त्यामुळे नोमालिझो लग्न होऊन आली आणि तिच्या तोंडची नदी गेली. पाण्याला निघाली की ती 'वाहतीवर जाते' म्हणायची, पूर आला की 'न थांबणारी चढलीय' म्हणायची. घरातल्या सगळ्याच सुना असं बोलत. फरक इतकाच, की बाकीच्या सुना गोष्टी लिहीत नव्हत्या.

माहेरी ती हेस्टर. मिशनच्या शाळेत शिकलेली. लग्नात नाव बदललं, डोक्याला काळा रुमाल आला, पण लिहिण्याची खोड सुटली नाही. नवरा जोहान्सबर्गला सोन्याच्या खाणीत, वर्षाकाठी एकदा तोंड दाखवणारा. दुपारी मका कांडून झाला की लेक सिंडिवेला पाठीशी बांधून ही लिहायला बसायची. गोष्ट पुरी झाल्यावर तिने सासऱ्याकडे परवानगी मागितली, मिशनच्या वर्तमानपत्राकडे धाडायची.

"धाड," म्हातारा पाइप ओढत म्हणाला. "पण घराची अब्रू गेली, तर लेखणी चुलीत. समजलं, माकोटी?" माकोटी म्हणजे सूनबाई.

"समजलं, ताता."

सुनेकडून सासऱ्याच्या नावाचा अपमान झाला, तर तिने माहेरी जायचं आणि दंडाची गाय घेऊनच परत यायचं, ही तिकडची रीत. नोमालिझोचे वडील वारलेले, आणि भावाचा गोठा त्याच साली, १९१२ मध्ये, गुरांच्या तापाने साफ झालेला. म्हणजे ती गेली की गेलीच. सिंडिवे मात्र सासरीच राहणार, कारण मूल घराण्याचं.

एका रविवारी तिची गोष्ट छापून आली. म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती, पण त्याने सगळ्या शेजारपाजाऱ्यांना बोलावणं धाडलं. शाळेत जाणाऱ्यांची टिंगल करणारे तांबड्या घोंगड्यांतले म्हातारेही आले. मका-घेवडा शिजला, ताक फिरलं. पोस्टातून अंक आणला होता धाकट्या दिराने, एनॉक मास्तरने. त्याचा स्वतःचा 'दारूचे दुष्परिणाम' हा लेख त्याच वर्तमानपत्राने परत पाठवला होता, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. अंक त्याने वाटेतच वाचून काढला होता. आज तो फारच गोड हसत होता.

नोमालिझो बायकांच्या बाजूला चटईवर बसली, अंक उघडला, आणि पान पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. तिने जिथे जिथे 'वाहती' लिहिलं होतं, तिथे तिथे छापलं होतं 'म्लाम्बो'. संपादक शिकलेला गृहस्थ. त्याला वाटलं असणार, खेडवळ बाईला साधा शब्द सापडला नाही, बिचारीला मदत करू. असल्या मदतीपासून देव वाचवो!

"वाच की," म्हातारा कौतुकाने म्हणाला.

तिने घसा खाकरला आणि सुरुवात केली. छापलेला शब्द आला की डोळ्यांनी ओलांडायची आणि तोंडाने आपला म्हणायची.

"थांब, थांब!" एनॉक तिच्या खांद्यावरून वाकला. "कागदावर आहे ते वाच ना. ताता, ही भलतंच वाचतेय. हिने तुमचं नाव लिहिलंय. एकदा नाही, पानभर. आणि खाली स्वतःचं."

तांबड्या घोंगड्यातला एक म्हातारा हसला, "घ्या रादेबे! शिकवा सुनांना!"

म्हाताऱ्याने पाइप खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. सून वाईट नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि चार माणसांत नाक कापलं गेलंय हेही.

"माकोटी," तो हळूच म्हणाला, "हे लिहिणं तुझं नाही, असं म्हण. दुसऱ्या कुणाचं तरी असेल, चुकून तुझं नाव पडलं असेल. विषय संपला."

"म्हण बाई, म्हण," सासू कुजबुजली. "जीभ काय झिजणार आहे?"

सिंडिवे सासूच्या मांडीवर बसून मक्याचे दाणे चिवडत होती. नोमालिझोने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणणं किती सोपं होतं! पण ती गोष्ट तिच्या आईची होती. आई शेवटच्या घटका मोजत असताना पूर आला होता, आणि ही अलीकडच्या काठावर अडकली होती. तेव्हाही आईपाशी पोचता आलं नाही. आता तिला कागदावरूनही पुसून टाकायचं?

"गोष्ट माझी आहे, ताता," ती खाली मान घालून म्हणाली. "तो शब्द माझा नाही. माझे शब्द माझ्यापाशी आहेत."

"मग ऐकव," म्हातारा म्हणाला. "कागद ठेव खाली. जीभ घसरली, तर आजच माहेरची वाट धरायची."

एनॉकने अंक उचलला, ओळीवर बोट ठेवलं आणि कान टवकारले. ती तोंडपाठ सांगू लागली. आईचा निरोप झाला, चिखलातली वाट झाली, सगळं सरळ गेलं. मग मुलगी पुरासमोर उभी राहिली आणि हाका मारू लागली, आणि तिथे नोमालिझोचा आवाज अडला. लहानपणापासून ज्या शब्दाने तिने त्या पाण्याला हाक मारली होती, तो नेमका ओठांवर आला होता. एनॉकचं बोट थांबलं. सासूने शालीने तोंड झाकलं.

"अगं ए," नोमालिझो म्हणाली, "तूही कुणाची तरी सून असशील. मला माहेरी जाऊ दे."

हे वाक्य तिने लिहिलेलंच नव्हतं. ते आत्ता आलं. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. ती तशीच पुढे सांगत गेली, थेट शेवटपर्यंत.

मग म्हाताऱ्याने पाइप पेटवला. "गाय तर द्यावीच लागेल."

एनॉक ताठ बसला.

"पण माझं नाव हिच्या गोष्टीत घुसवलं कुणी? त्या छापखान्यातल्या कॉलरवाल्याने. मग गाय त्याची. एनॉक, उद्या तूच जा आणि हाकत घेऊन ये. गाय येईपर्यंत माकोटी इथेच राहील."

मास्तर गेला, काय करतो बिचारा! संपादक आधी हसला, मग भडकला. गाय मिळणार नाही, आणि त्या भांडकुदळ बाईची एक ओळही यापुढे छापणार नाही, असं त्याने बजावलं. शब्दाचा मात्र पक्का निघाला. पुढे कित्येक वर्षं नोमालिझो लिहीत राहिली आणि कागद पत्र्याच्या पेटीत साठत गेले. तिला त्याचा त्रास व्हायचा, रागही यायचा, पण माफीची चिठ्ठी तिने धाडली नाही. म्हातारा अधूनमधून विचारायचा, "आली का गं माझी गाय?" आणि स्वतःच खो खो हसायचा. एका हिवाळ्यात तो गेला.

त्यानंतर जोहान्सबर्गला नवं वर्तमानपत्र निघालं. तिने तीच गोष्ट पाठवली, त्या आयत्या वेळच्या वाक्यासकट, आणि वर लिहिलं, 'एक शब्द बदलणार असाल तर छापू नका.' जशीच्या तशी छापली गेली. पुढे तिची पुस्तकं निघाली, शाळांत लागली, ते सगळं नंतरचं.

अंक हातात आला तशी ती घरामागे गेली. कर्त्या पुरुषाला गुरांच्या गोठ्यापाशी पुरतात, आणि सुनांना त्या अंगणात पाय टाकायची बंदी. ती बंदीच्या अलीकडेच थांबली, कुंपणाकडे तोंड केलं आणि वाचू लागली. ओठांतल्या ओठांत.

सासू काठी टेकत मागून आली आणि शेजारी उभी राहिली.

"असं पुटपुटतेस काय, माकोटी?" ती म्हणाली. "जोरात वाच. शेवटी शेवटी ह्यांना कमी ऐकू यायचं."