ट्रिगरचा काटा

सातवीनंतर मी शाळेत गेले नाही, हे नागपुरात मी कुणाला आपणहून सांगत नसे. नवऱ्याला बुटीबोरीच्या कापड कारखान्यात काम लागलं म्हणून मालवणकडून आम्ही इतक्या लांब आलो. मला माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात घेतलं ते एकाच गोष्टीवर: समुद्राकडची बाई, हिला मासे कळत असणार. दुकानातून मला दर आठवड्याला एका निवृत्त विज्ञानशिक्षकांकडे टाकी साफ करायला पाठवत.

सरांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि शिकवलंही. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पुडीतलं मीठ कालवून केलेला समुद्र होता, आणि त्यात त्यांचा लाडका ट्रिगर मासा. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, तोंडाने पाण्याचा फवारा मारून तो वाळूखालचं खाणं उघडं करतो, शंख दातांनी फोडतो, हे सर काचेवर बोट ठेवून दाखवत. पाठीवरचा मोठा काटा उभा करून तो दगडाच्या फटीत स्वतःला अडकवून झोपतो. मागचा छोटा काटा म्हणजे बंदुकीचा घोडा. तो दाबला की मोठा खाली पडतो. मी मान हलवत होते. पण मला परत वर्गात उभं केल्यासारखं झालं होतं, त्यामुळे निम्मं डोक्यात शिरलंच नाही. कळलं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, हो तर, आमच्याकडं जाळ्यात येतो हा.

जाळ्यात येतो, तेवढं खरं होतं.

एकदा त्याने हीटरची वायर कुरतडली. ती बदलायची तर मासा बाहेर काढणं भाग होतं. सर त्याच्यासाठी कोळंबी आणायला निघाले आणि "मी आल्यावरच काढू," असं बजावून गेले. मी थांबले नाही. ते येईपर्यंत काम झालेलं दिसावं, एवढीच हौस. जाळीत घेतल्याबरोबर त्याने काटा ताठ केला, तो जाळीत रुतला, आणि मासा गुरगुरायला लागला. पाण्याबाहेर त्याला किती वेळ धरणार? मी घाबरले, आणि हातांनी लहानपणापासूनचं काम केलं. आमच्याकडे जाळं मोलाचं, हा मासा फुकटचा. काटा मुळाशी मोडायचा आणि जाळं सोडवायचं.

सर आले तेव्हा वायर बदललेली होती आणि मासा परत टाकीत होता. मी म्हटलं, काटा फटीत शिरताना मोडला. तुझ्या हाताला तर लागलं नाही ना, हे त्यांनी आधी विचारलं.

पुढच्या आठवड्यात गेले तर फटीचा दगड गॅलरीत बादलीत ठेवलेला. मासा उघड्यावर, कोपऱ्यात काचेला चिकटून. पंपाच्या पाण्याने ढकलला जायचा, परत यायचा.

"पुन्हा त्याले लागू नये म्हून काढला गोटा," सर म्हणाले. दुकानात फोन करून त्यांनी माझं कौतुकही केलं होतं, तिने वेळेवर वायर बदलली, तिच्यामुळे मासा वाचला म्हणून.

चहाचा कप माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला.

"सर, काटा दगडाने नाही मोडला. मी मोडला. हाताने."

"काहून वं?"

"घोडा दाबायचा ते मला कळलंच नव्हतं. तरी मी कळलं म्हणाले होते."

ते टाकीकडे वळले आणि म्हणाले, दगड आण. मी तो उचलून होता तिथे ठेवला. मासा लगेच आत शिरला, पण काट्याशिवाय टिकेना. पाण्याच्या धक्क्याने सरकत बाहेर आला. पुन्हा शिरला, पुन्हा आला. सरांनी वाकून पंप कमी केला.

"काटा मोडल्यावर तिकडे काय करता त्या माशाचं?" त्यांनी विचारलं.

"वाळूवर टाकतो."

कोपरापर्यंत ओले हात घेऊन मी उभी होते. त्यांनी आतून टॉवेल आणून दिला, धुतलेला, घडी न मोडलेला. मी त्याला हात पुसू की नको, ते मला कळेना.